रेठरें हरणाक्षचा शाहीर



ज्या घरांत मी वाढलों त्या घरांत 'तमाशा' हा शब्द उच्चारण्याची वेळ आली म्हणजे वडील मंडळी आवाज खालीं आणीत असत. चैत्र-वैशाखांत आसपासच्या गांवांच्या जत्रा सुरू झाल्या कीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर नदीच्या पलीकडून ढोलकीचा आवाज येई. आजी उठून माजघराची खिडकी लावून घेई. खिडकी लावल्यानें ढोलकी अर्थातच थांबत नसे. आम्हां मुलांस ती अधिकच स्पष्ट ऐकूं येत असे. पुढें मी शिक्षक झालों. मराठी व इतिहास हे विषय तीस वर्षांहून अधिक काळ शिकविले, होनाजी बाळा, राम जोशी, अनंत फंदी यांचीं नांवें मुलांकडून पाठ करून घेतलीं. परंतु त्या रात्रीं नदीपलीकडून ज्याचीं कवनें ऐकूं येत होतीं तो शाहीर माझ्याच मुलखांतला, एका कुळकर्ण्याचा मुलगा होता, हें मला फार उशिरां कळलें.

त्याच शाहिराची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. त्यांचें नांव श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी. या नांवानें त्यांस फार थोडे लोक ओळखतील. पठ्ठे बापूराव म्हटलें म्हणजे मात्र ज्यांनीं जन्मांत तमाशा पाहिला नाहीं तेहि मान डोलावतात.

बापूरावांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६६ रोजीं वाळवें तालुक्यांतील रेठरें हरणाक्ष या कृष्णाकांठच्या गांवीं झाला. त्या काळीं हा तालुका सातारा जिल्ह्यांत होता. १९४९ सालीं जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. त्यामुळें सातारकरांनीं बापूरावांस आपले म्हणावें, सांगलीकरांनींहि म्हणावें, आणि दोघांचेंहि म्हणणें खरें ठरावें, अशी मौजेची स्थिति आहे.

कुळकर्णी म्हणजे काय हें आजच्या तरुण श्रोत्यांस सांगावयास हवें. कुळकर्णी हा गांवचा वतनदार लेखक. कोणाची जमीन किती, सारा किती, बाकी किती, हें सर्व त्याच्या दप्तरांत. तें दप्तर बांधून झालें म्हणजे तें डोक्यावर घेऊन तालुक्याच्या गांवापर्यंत चालत जाण्याचें काम महाराचें. लिहिणारा हात एका घरचा आणि ओझें वाहणारें डोकें दुसऱ्या घरचें, अशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची वांटणी होती. दोन्ही वतनेंच, परंतु एकाला घराच्या ओसरीवर बसण्याचा मान, तर दुसऱ्यानें अंगणाबाहेर उभें राहावयाचें. कुळकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें गेलीं, महार वतनें १९५८ च्या कायद्यानें. बापूरावांच्या बालपणीं मात्र ही व्यवस्था पुरी जिवंत होती, आणि ती लक्षांत घेतल्यावांचून त्यांनीं पुढें जें केलें त्याचें वजन कळत नाहीं.

पहांटे जात्यावर बायका ओव्या म्हणत, त्या ऐकत हा मुलगा वाढला. गांवकुसाबाहेर, महारवाड्यांत, तमाशाच्या तालमी चालत. त्याहि त्याच्या कानीं पडत. कांहीं शिक्षण औंध संस्थानांत झालें. घरचें कुळकर्णीपण अंगावर आलें. म्हणजे दिवसा खतावणी लिहावयाची आणि रात्रीं लावणी, असा दुहेरी संसार सुरू झाला. आरंभीं गांवच्या तमाशास कवनें रचून देण्यापुरतेंच हें होतें. एवढ्यावर थांबले असते तर कोणी फारसें बोललेंहि नसतें. कवन रचून देणें ही एक गोष्ट आणि हातीं डफ घेऊन मशालीच्या उजेडांत, महार-मांगांच्या खांद्याला खांदा लावून उभें राहणें ही दुसरी. पहिल्यांत सोंवळें शाबूत राहतें. दुसऱ्यांत राहत नाहीं. बापूरावांनीं दुसरी गोष्ट केली. वतन सुटलें, घर सुटलें, जातीनें दूर केलें. हें सर्व आपण जाणूनबुजून केलें असें त्यांनीं स्वतःच एका कवनांत सांगून ठेवलें आहे, आणि त्या सांगण्यांत पश्चात्तापाचा सूर नाहीं.

आतां येथें कोणी म्हणेल कीं, ब्राह्मणानें तमाशांत जाणें हें कांहीं नवीन नव्हतें. खरें आहे. पेशवाईच्या उत्तरकाळांत सोलापूरचे राम जोशी होते, संगमनेरचे अनंत फंदी होते. परंतु या दोघांच्या कथांचा शेवट पाहावा. मोरोपंतांच्या सांगण्यावरून राम जोशी कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. अहल्याबाई होळकरांनीं कानउघाडणी केली आणि अनंत फंदींनीं डफ फोडून कीर्तन पत्करलें, अशी दुसरी आख्यायिका आहे. या कथा घडल्या तशा घडल्या असतील किंवा मागाहून रचिल्या गेल्या असतील. परंतु समाजास त्या आवडल्या, कारण त्यांत वाट चुकलेलें लेंकरूं संध्याकाळीं घरीं परत येतें. बापूराव परतले नाहींत. त्यांच्याविषयीं तशी कथा कोणास रचतांहि आली नाहीं.

ते परतले नाहींत याचें एक कारण त्यांचा स्वभाव. दुसरें कारण काळ. राम जोशी व अनंत फंदी यांचा पोशिंदा म्हणजे सरदार, सावकार, दरबार. पेशवाई गेली तसा तो पोशिंदाहि गेला. बापूरावांच्या काळीं नवा पोशिंदा निर्माण झाला होता, तो म्हणजे तिकीट काढणारा मनुष्य. १८५० नंतर मुंबईंत गिरण्या उभ्या राहूं लागल्या. घाटावरचीं आणि कोंकणांतलीं हजारों माणसें गिरण्यांत व गोदींत कामास गेलीं. त्यांत सातारा जिल्ह्यांतले लोक पुष्कळ. दिवसभर साचा चालवून किंवा पाठीवर गोणी वाहून दमलेल्या माणसास रात्रीं गांवची ढोलकी ऐकावयास मिळाली तर तो खिशांतला आणा आनंदानें काढून देई. या माणसाच्या जोरावर शाहीर उभा राहूं शकत होता. त्याला दरबाराची गरज नव्हती आणि कीर्तनाचीहि नव्हती.

तमाशाच्या घडणींत सांगली जिल्ह्याचा वांटा किती मोठा आहे हेंहि जातां जातां सांगतों. सांगलीस १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' केलें आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला, हें प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असतें. मींच किती मुलांकडून तें घोकून घेतलें आहे. परंतु त्यानंतर बावीस वर्षांनीं, १८६५ सालीं, तासगांव तालुक्यांतील सावळजच्या उमा-बाबू या मांग समाजांतील शाहिरानें 'मोहना-बटाव' हा पहिला वग रचला, हें मीं शाळेंत एकदांहि सांगितलें नाहीं. मलाच ठाऊक नव्हतें. वग म्हणजे तमाशांतील नाट्य. त्यापूर्वीं तमाशांत गाणें, नाच आणि थट्टामस्करी होती, सलग कथा नव्हती; ती उमा-बाबूंनीं आणिली. वग जन्मला त्याच्या पुढच्या वर्षीं बापूराव जन्मले, म्हणजे जें रोपटें त्यांच्या बालपणीं लावलेलें होतें त्याचीं फळें त्यांनीं खाल्लीं व इतरांस खाऊं घातलीं.

बापूरावांच्या रचनेचें मर्म कागदावर कळत नाहीं. त्यासाठीं तमाशाचा क्रम डोळ्यांपुढें आणावा लागतो. आधीं ढोलकी, हलगी, तुणतुणें व झांज यांचा गजर होतो. मग गण, म्हणजे गणपतीचें आवाहन. नंतर गौळण : मथुरेच्या बाजारास निघालेल्या गौळणी, त्यांची म्होरकी असलेली विनोदी मावशी, वाट अडविणारा कृष्ण आणि त्याचा पेंद्या. त्यामागून लावण्या आणि सरतेशेवटीं वग, तो कित्येकदां उजाडेपर्यंत चाले. मुख्य गाणारा पुढें. त्याच्या पाठीमागें सुरत्ये उभे राहून शेवटचा चरण उचलून धरतात. हें सर्व उघड्या माळावर, पलित्यांच्या उजेडांत, हजार-दोन हजार माणसांपुढें. ध्वनिवर्धक नांवाची वस्तु तेव्हां नव्हती. शब्द असा हवा कीं तो शेवटच्या रांगेंत झाडावर बसलेल्या पोराच्याहि कानांत स्पष्ट उतरावा. म्हणून बापूरावांच्या कवनांत चरणाच्या शेवटीं दीर्घ स्वर येतात, यमकें ठसठशीत असतात, ध्रुपद असें असतें कीं पहिल्या खेपेस ऐकणाऱ्यानेंहि दुसऱ्या खेपेस तें म्हणावें. पंडितांनीं याला ढोबळपणा म्हटलें. माझें मत तसें नाहीं. भिंतीवरचें चित्र आणि तळहातावरचें चित्र एकाच कुंचल्यानें काढतां येत नाहीं.

त्यांतहि बापूरावांचा खरा हात झगड्याच्या लावणींत दिसतो. शाहिरांत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष असत. कलगीवाले शक्तीस श्रेष्ठ मानीत, तुरेवाले शिवास. दोन फड समोरासमोर आले म्हणजे एकानें गाण्यांतून कूट घालावें आणि दुसऱ्यानें तें गाण्यांतूनच सोडवावें, नाहींतर हार पत्करावी. पुराणांतील संदर्भ, देहतत्त्वाचीं कोडीं, आंकड्यांचे खेळ, सर्व त्यांत येई. ज्यास लिहितां-वाचतां येत नाहीं असा श्रोता रात्रभर बसून ही विद्या ऐके आणि सकाळीं बांधावर तिची चर्चा करी. आमच्या शाळेंत पुराणकथा शिकवितांना निम्मा वर्ग पेंगत असे, हें येथें कबूल केलेलें बरें.

आपण दोन लक्ष लावण्या रचल्या असें बापूराव अभिमानानें सांगत. शिक्षकाच्या संवयीप्रमाणें मीं हें गणित मांडून पाहिलें. साठ वर्षें रोज रचना केली असें धरलें तरी दिवसाकांठीं नऊ लावण्या पडतात. तेव्हां हा आंकडा शाहिरी गणितांतला समजावा. परंतु त्यांतील चौथाई-नव्हे, शतांश जरी खरा मानला तरी दोन हजार कवनें होतात, आणि तेवढें कवन एका माणसाच्या हातून झालें असेल याविषयीं त्यांच्या गण-गौळणींचा आजवर झालेला वापर पाहिल्यावर मला शंका वाटत नाहीं.

आतां पवळेकडे येऊं. बापूरावांचें नांव निघालें आणि पवळेचें निघालें नाहीं असें कधीं होत नाहीं. नामचंद पवळा या नांवानें ती गाजली. पूर्वीं तमाशांत स्त्रीचें काम नाच्या पोऱ्या करी, म्हणजे लुगडें नेसलेला मुलगा. सुशिक्षितांच्या संगीत रंगभूमीवरहि तोच प्रकार. बालगंधर्वांच्या शालूंची चर्चा पुण्या-मुंबईच्या घराघरांत होत होती. अशा काळांत पवळा तमाशाच्या बोर्डावर उभी राहिली. बोर्डावर नांव कमावलेली पहिली स्त्री तीच, असें पुष्कळ जाणकार मानतात. बापूरावांचे शब्द आणि पवळेचा गळा, रूप व अदा, असा संयोग जुळला आणि त्या फडानें महाराष्ट्र हलविला. १९०८-०९ च्या सुमारास कोल्हापुरांत छत्रपति शाहू महाराजांपुढें बापूरावांनीं 'मिठाराणी'चा वग सादर केला. मुंबईंत थिएटरांत तिकीट लावून खेळ होऊं लागले. ज्या माणसास गांवच्या पंक्तींत पान नव्हतें त्याच्या नांवावर शहरांत गर्दी लोटूं लागली.

येथें मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत एका शनिवारीं सकाळच्या शाळेंत मीं मुलांस बापूरावांची ही कथा सांगितली. वतन कसें सोडलें, सोंवळें कसें सोडलें, केवढा हा त्याग, असें मी रंगून सांगत होतों. सांगून झाल्यावर मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, पवळा कुठल्या गांवची?" मला उत्तर आलें नाहीं. "पुढच्या शनिवारीं सांगतों," म्हणून मीं वेळ मारून नेली. घरीं जातांना मात्र तो प्रश्न पायांत घोटाळूं लागला. बापूरावांचें गांव मला ठाऊक, बापाचें नांव ठाऊक, जन्मतिथि ठाऊक. आणि जिच्यावांचून त्यांचीं कवनें मुंबईपर्यंत पोंचलीं नसतीं तिच्याविषयीं मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या, एक तिचें नांव आणि दुसरें तिचें रूप. आणखी एक गोष्ट त्या दिवशीं ध्यानांत आली. बापूरावांचा उल्लेख मी 'ते' असा करीत होतों आणि पवळेचा 'ती' असा. आतां या भाषणांतहि, थोड्याच वेळापूर्वीं, तसेंच केलें. जीभ एकदां वळली म्हणजे कशी वळते पहा.

तर पवळाबाई या संगमनेर तालुक्यांतील हिवरगांव पावसा येथील. घराणें महार समाजांतलें; आडनांव भालेराव. ज्या संगमनेरचे अनंत फंदी, त्याच परिसरांतल्या त्या. वयानें बापूरावांहून थोड्या लहान. बापूरावांनीं जात सोडली म्हणून त्यांच्या त्यागाचे पोवाडे झाले. पवळाबाईंस सोडण्यासारखें कांहीं समाजानें दिलेंच नव्हतें. त्यांनीं जें दिलें तें गळा, पाय आणि तारुण्य. परंतु त्यास कोणी त्याग म्हटलें नाहीं, त्यास तमाशा म्हटलें. बापूरावांच्या प्रत्येक कवनाच्या शेवटच्या चरणांत त्यांची नाममुद्रा असते. तें गाणाऱ्या स्त्रीची मुद्रा कोठें असावी याची सोयच आमच्या काव्यशास्त्रांत नाहीं.

असें आमच्याकडेच घडलें असें नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखांत शेतकऱ्यांचें आणि खाणकामगारांचें गाणें आहे, त्यास तेथें गांवाकडचें संगीत म्हणून ओळखतात. १९२७ च्या ऑगस्ट महिन्यांत ब्रिस्टल या गांवीं कार्टर कुटुंबाचीं गाणीं प्रथम ध्वनिमुद्रित झालीं आणि हें संगीत देशभर पसरलें. त्या कुटुंबाचा प्रमुख ए. पी. कार्टर पुढें खेडोपाडीं हिंडून जुनीं गाणीं गोळा करी. तो शब्द टिपून घेई. चाली मात्र त्याच्याबरोबर हिंडणारा लेस्ली रिडल हा काळ्या वर्णाचा, एक पाय गमावलेला वादक लक्षांत ठेवी. तबकड्यांवर नांव आलें तें कार्टरचें. रिडल यांचें नांव लोकांस कळावयास पुष्कळ वर्षें जावीं लागलीं. सातासमुद्रांपलीकडची ही हकीकत वाचली तेव्हां मला त्या मागच्या बांकावरच्या मुलाची आठवण झाली.

त्याच १९२७ सालची आपल्याकडील एक घटना आहे, आणि बापूरावांच्या चरित्रांत तीच मला सर्वांत विचार करावयास लावते. मार्च महिन्यांत महाडास चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. या कार्यास मदत म्हणून आपल्या खेळांचें उत्पन्न देण्याची तयारी बापूरावांनीं दाखविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं तें धन घेण्याचें नाकारलें, असें सांगतात. कारण असें कीं, आमच्या समाजाच्या स्त्रियांस बोर्डावर नाचवून मिळविलेला हा पैसा आहे. ज्या मुलानें १९०० सालीं साताऱ्याच्या सरकारी शाळेंत नांव दाखल केलें आणि ज्यास अस्पृश्य म्हणून बाजूला बसावें लागलें, तो आतां एका ब्राह्मण शाहिराचा पैसा परत करीत होता, आणि तो शाहीर तर जात झुगारून त्यांच्याच वस्तींत राहावयास आलेला!

मीं ही घटना प्रथम वाचली तेव्हां मला बापूरावांविषयीं वाईट वाटलें. बिचाऱ्यानें सर्व सोडलें, आणि जिकडे गेला तिकडेहि त्याचें दान स्वीकारलें गेलें नाहीं. आज माझें मत निराळें आहे. बापूरावांची भावना खोटी होती असें मी म्हणणार नाहीं. ज्यानें आयुष्य पणास लावलें त्याच्या भावनेवर शंका घेणारा मी कोण? परंतु बाबासाहेबांचा प्रश्न भावनेचा नव्हताच. बापूरावांस वाटलें तर तमाशा सोडून ते उद्यां पुन्हां कुळकर्णी म्हणून कोठेंतरी उभे राहूं शकले असते. निदान अनंत फंदींसारखें कीर्तन तरी करूं शकले असते. पवळाबाईंस आणि त्यांच्यासारख्या शेंकडों स्त्रियांस दुसरें दार कोठें होतें? ज्या स्त्रियांना मानानें जगतां यावें म्हणून हा लढा, त्यांच्याच लाचारींतून आलेल्या पैशावर तो चालवावयाचा, हें बाबासाहेबांस पटलें नाहीं. बापूरावांची कवनें मला प्रिय आहेत, तरीहि या प्रसंगीं मी नकार देणाऱ्याच्या बाजूस आहें. उलट बाजूस एवढें मात्र खरें कीं, देऊं करण्यासाठीं त्या काळच्या किती ब्राह्मणांनीं पिशवी काढली होती, हाहि हिशेब कोणीतरी मांडावा.

बापूराव व पवळाबाई यांचा संयोग कायम टिकला नाहीं. दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या. फड फुटला कीं शाहिराची काय दशा होते हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस अधिक सांगावयास नको. १९३२ पासून मराठी बोलपट येऊं लागले आणि तिकीट काढणारा जो नवा पोशिंदा होता त्यास निराळी करमणूक मिळाली. पवळाबाई १९३९ सालीं वारल्या. बापूरावांचे अखेरचे दिवस हलाखींत गेले. २२ डिसेंबर १९४५ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. वय ७९ वर्षांचें. ज्या बोलपटांनीं तमाशाचा प्रेक्षक नेला त्यांनींच पांच वर्षांनीं, १९५० सालीं, 'पठ्ठे बापूराव' या नांवाचा चित्रपट काढला आणि लोकांनीं पुन्हां तिकिटें काढलीं.

त्यांचें एक गाणें मात्र मला येथें आठवल्यावांचून राहवत नाहीं, तें म्हणजे मुंबईवरची लावणी. कृष्णाकांठच्या खेड्यांतून गेलेला मनुष्य त्या शहराची रोषणाई, रस्ते, इमारती, बाजार पाहून चकित झाला आणि त्यानें तें सर्व वैभव कवनांत भरलें. गिरणींतल्या श्रोत्यास तें ऐकतांना आपल्या शहराचा अभिमान वाटला असेल. त्या वैभवांत आपला वांटा किती, हा प्रश्न मात्र लावणींत नाहीं. तो प्रश्न पुढें विचारला तोहि याच वाळवें तालुक्यांतल्या माणसानें. १ ऑगस्ट १९२० रोजीं वाटेगांवीं, मांग समाजांत, अण्णाभाऊ साठे यांचा जन्म झाला. शाळेंत ते फार तर दोन दिवस बसले असतील. मुलगे असतांनाच घरच्यांबरोबर पायीं चालत मुंबईस गेले, मजुरी केली, गिरणींत राबले. १९४४ सालीं अमरशेख व गवाणकर यांच्यासह त्यांनीं लाल बावटा कलापथक काढलें. त्यांनींहि मुंबईची लावणी रचली. तींत उंच टेकडीवरचे बंगले आहेत आणि खालच्या वस्तींत उपाशी निजणारीं माणसेंहि आहेत. एकाच तालुक्यांतल्या दोन शाहिरांनीं एकच शहर पाहिलें. एक कुळकर्ण्याच्या ओसरीवरून उतरून तेथें गेला होता आणि दुसरा गांवकुसाबाहेरून. दोन्ही लावण्या एकामागून एक ऐकाव्या, म्हणजे मी काय म्हणतों तें कळेल.

अण्णाभाऊंविषयीं, त्यांच्या 'फकिरा' कादंबरीविषयीं आणि कृष्णेच्याच खोऱ्यांत वर, वाईजवळ पसरणीस १९२३ सालीं जन्मलेल्या शाहीर साबळे यांच्याविषयीं स्वतंत्रपणें बोलावयास हवें. आजच्या वेळांत तें बसणार नाहीं.

त्या मागच्या बांकावरच्या मुलास मीं पुढच्या शनिवारीं पवळाबाईंच्या गांवाचें नांव सांगितलें. त्यानें तें वहींत लिहून घेतलें व खालीं बसला. निवृत्त झाल्यावर एका जत्रेंत मी आयुष्यांत प्रथमच तमाशाच्या तंबूंत जाऊन बसलों. घरीं आजी नव्हती, खिडकी लावणारें कोणी नव्हतें. ढोलकी-हलगीचा गजर झाला आणि गण सुरू झाला. गाणारी बाई पन्नाशीची असावी. तिच्या मागें चार सुरत्ये झील धरून उभे होते. शेवटच्या चरणांत पठ्ठे बापूरावांचें नांव आलें, ढोलकीवाल्यानें त्यावर थाप मारली, आणि मावशी पुढें येऊन गौळण सुरू झाली.